दिवा नसलेलं घर

शिक्षण-वेधशाळेच्या मोठ्या दालनात पेढे वाटले जात होते, तेवढ्यात समोरच्या भिंतीवरचा एक हिरवा ठिपका विझला.

कुणाचं लक्ष गेलं नाही. जायचं कारणही नव्हतं. देवनदी जिल्ह्याचा पूर्णत्व-दर त्या सकाळी पहिल्यांदाच नव्वदच्या पुढे सरकला होता. नववीत नाव घातलेल्या शंभर मुलांतली किती मुलं बारावी पास होऊन बाहेर पडतात, त्याचा हा आकडा. वेधशाळा सुरू झाली तेव्हा तो साठच्या आसपास रेंगाळत होता आणि राज्याच्या बैठकांमध्ये देवनदीचं नाव फक्त टोमणा मारायला निघायचं. यंदाची बारावीची परीक्षा अजून व्हायची होती. पण वेधशाळेचं भाकीत आजवर फारसं कधी चुकलं नव्हतं, त्यामुळे निकालाआधीच पेढे खायला कुणालाही संकोच वाटला नाही.

भिंतीवर जिल्ह्यातल्या नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलाचा एक ठिपका होता. हिरवा म्हणजे मूल पार होणार. पिवळा म्हणजे काठावर. तांबडा म्हणजे आशा थोडी. विझलेला म्हणजे शाळेच्या पटावरून नाव गेलं. तांबडे विझायचे, अधूनमधून पिवळेही विझायचे. गडद हिरवा ठिपका विझलेला डॉ. शाल्मली होनप यांनी कधी पाहिला नव्हता, आणि ही वेधशाळा त्यांनीच उभी केली होती.

"इरफान, तो बघ. कोंढारवाडीचा."

इरफान मुजावर हा वेधशाळेचा संख्याशास्त्रज्ञ. भाकीत-यंत्रातलं एकूण एक गणित त्याच्या हाताखालून गेलेलं. त्याने तोंडातला पेढा घाईने गिळला आणि भिंतीवर बोट टेकवलं. नाव उमटलं: भैरवी तुळशीराम ऐवळे, बारावी शास्त्र. खाली तिचा अंक होता, म्हणजे पार होण्याची शक्यता: शंभरात नव्व्याण्णव.

"नोंदीत घोळ झाला असेल, मॅडम," तो म्हणाला. "नव्व्याण्णववाली मुलगी कुठे शाळा सोडते? ही सलाईन लावून पेपर लिहायला येईल."

त्याने शाळेत फोन लावला. घोळ नव्हता. मुलगी महिनाभर शाळेत फिरकली नव्हती, प्रात्यक्षिक परीक्षा बुडाल्या होत्या, आणि आज सकाळी वडील येऊन दाखला घेऊन गेले होते. शाळेने विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की पोरीला पुढे शिकायचं नाही.

"महिनाभर ती येत नाही आणि आपल्याला पत्ता नाही?" शाल्मलीबाईंचा आवाज चढला.

"पत्ता होता की. पण परीक्षा तोंडावर आली की हुशार मुलं शाळेत येतात कुठे? घरी बसून जुने पेपर सोडवतात, आणि सरही हजेरीकडे कानाडोळा करतात. दरवर्षीचंच आहे हे. म्हणून हिरव्या मुलाची जानेवारीतली गैरहजेरी यंत्र अभ्यासाची सुट्टी समजतं. उलट अंक थोडा वाढवतं. ती काठावर आलीच नाही, मॅडम. हिरवी होती ती थेट विझली."

शाल्मलीबाईंनी पूर्णत्व-दराकडे पाहिलं. तो होता तिथेच होता. दशांश चिन्हापुढची घरंसुद्धा हलली नव्हती. एक मुलगी गेल्याचं दराला कळलंच नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना इतका राग आला की हातातला पेढा त्यांनी तसाच टेबलावर ठेवून दिला.

कारण ही मुलगी त्यांना आठवत होती.

मागच्या वर्षी त्या कोंढारवाडीच्या शाळेत 'सोबती'ची माहिती द्यायला गेल्या होत्या. सोबती हे वेधशाळेचं खरं शस्त्र. टेबलावरच्या दिव्याएवढं यंत्र, वर पिवळा गोल. ते मुलाला पहाटे उठवतं, त्या दिवशी वर्गात काय झालं ते संध्याकाळी पुन्हा समजावतं, आईबापांशी त्यांच्या भाषेत बोलतं, एसटी चुकली तर दुसरी सोय करतं. प्रत्येक सोबतीच्या मागे एक हाडामांसाचा शिक्षक आठवड्यातले काही तास बसलेला असतो, म्हणून सोबती मोजकेच. लोक त्याला दिवा म्हणायचे. तो उन्हावर चालायचा, त्यामुळे सगळे तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचे. कुणाच्या घरी दिवा आहे नि कुणाच्या नाही, हे सगळ्या गावाला दिसायचं. वेधशाळेच्या जाडजूड अहवालात या खिडक्यांवर एक ओळही नव्हती.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली होती. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, दंडाला ताणून बसलेला गणवेश. तिने विचारलं होतं, "मॅडम, दिवा कुणाला देता?"

मुलाचा अंक मुलाला किंवा पालकाला सांगायचा नाही, हा वेधशाळेचा पहिला नियम. अंक सांगितला की अंक बदलतो. सत्तर ऐकलेलं मूल निवांत होतं, तीस ऐकलेलं मूल हातपाय गाळतं, आणि भाकीत स्वतःच त्या मुलाच्या आयुष्यात ढवळाढवळ करायला लागतं. म्हणून शाल्मलीबाईंनी नियमात बसेल असं उत्तर दिलं.

"ज्याला त्याचा उपयोग होईल, त्याला."

मुलीने मान डोलावली होती आणि ती खाली बसली होती.

*

त्याच दुपारी शाल्मलीबाई कोंढारवाडीत पोहोचल्या तेव्हा ऐवळ्यांचं घर विचारावं लागलं नाही. 'देवनदी ब्रास बँड' अशी पाटी लांबूनच दिसली. अंगणात दोरीवर लाल कोट वाळत घातले होते, पितळी बटणं उन्हात चमकत होती. तुळशीराम ऐवळे ओट्यावर बसून क्लॅरिनेट पुसत होता. अख्खा गाव त्याला बँडमास्तर म्हणायचा. मुलीचं नाव भैरवी त्यानेच ठेवलं होतं.

"या बाई, बसा. च्या टाकतो," तो लगबगीने उठला. सरकारी माणूस दारात आलं की अशी माणसं आधी चूक झाल्यासारखी उभी राहतात.

"चहा नको मास्तर. भैरवी कुठे आहे?"

"म्होरं गेली. माळेगावात वरात हाय आज. गाडीवर गाती ती आता. म्या बी निगालोच हाय."

"तिचा दाखला का काढलात?"

तुळशीरामने क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळलं. "जबरदस्ती न्हाय केली बगा म्या. तीच म्हनली. म्या म्हनलं, मशिनीला जे दिसलं आसंल ते आपल्याला काय दिसनार?"

"मशीन काय म्हणालं तुम्हाला?"

"कायच न्हाय म्हनलं. त्येच तर."

शाल्मलीबाईंना कळलं नाही. त्याने हाताने समोरची गल्ली दाखवली. खिडक्याखिडक्यांत पिवळे गोल होते, दिवसाउजेडी फिकट दिसणारे.

"ते बगा, पवाराच्या पोराला दिवा आला. त्या कोपऱ्यावरल्या पोरीला आला, दोन टायमाला नापास झाल्याली. पास झाली की वो ती! आता शेहरात नर्स व्हायचं शिकती. दिवा आला की पोरगं निगतं, हे आख्ख्या गावाला म्हाईत हाय." त्याचा हात दुसऱ्या बाजूला वळला. "आता दिवा नसल्याली घरं सांगतो. एक डॉक्टरांचं. त्येंच्या पोराला कशाला लागतोय? त्येचं समदं आदीच ठरल्यालं. दुसरं त्या बिऱ्याचं. दिसभर नदीवर पत्ते कुटतो, शाळंचं तोंड बगत न्हाय. त्येच्यावर कोन दिवा वाया घालवंल? आन् तिसरं आमचं."

"मग?"

"मग काय? दोनच परकारच्या घरांत दिवा न्हाय. आता आमी काय डॉक्टर न्हाय, बाई."

हे तो कुरकुर न करता म्हणाला. आज ऊन फार आहे म्हणावं, तसं म्हणाला.

या माणसाने गणित बरोबर सोडवलं होतं. सोबती कुणाला द्यायचा हे यंत्र 'फरकमाना'वरून ठरवायचं. म्हणजे सोबती दिला तर मुलाचा अंक किती वाढतो, तो फरक. काठावरच्या मुलाला दिला तर अंक चाळीसचा सत्तर होतो. बिऱ्याला दिला तर पाचाचा सहा. आणि जे मूल आपल्या पायांनी पार होणारच आहे, त्याला दिला तर नव्व्याण्णवचे नव्व्याण्णवच. दोन्ही टोकांना फरकमान जवळपास शून्य, म्हणून दोन्ही टोकांना दिवा नाही. तुळशीरामने हे सगळं अहवाल न वाचता ओळखलं होतं. फक्त आपली मुलगी कोणत्या टोकाला आहे, एवढंच त्याने चुकीचं ओळखलं. डॉक्टरांच्या पंगतीला आपलं पान असेल, हे त्याच्या मनातसुद्धा येऊ शकलं नाही. आजवर डॉक्टरांच्या दारात तो गेला होता तो लग्नात वाजवायला.

"पण तिला मार्क चांगले होते ना, मास्तर?"

"व्हते की. पर बारावी म्हंजे येगळं, आसं समदी म्हनत्यात. दिवाळीनंतर येका चाचनीत कमी पडलं तिला. दोन दिस जेवली न्हाय. मंग म्हनली, आबा, आता कमी पडल्यात, आता दिवा येईल बगा. खिडकीतलं समदं सामान काढून जागा केली तिनं." त्याने घराच्या खिडकीकडे पाहिलं. ती जागा अजून रिकामीच होती. "रोज शाळंतनं आली की पैलं तितं बगायची. न्हाय आला. मंग येक दिस म्हनली, उपयोग व्हनाऱ्यालाच देत्यात, त्या बाईंनी सोता सांगितलंय. तवापास्नं पुस्तक उगडलं न्हाय."

एका चाचणीने नव्व्याण्णवचा अंक हलत नाही. यंत्राने तो हलवला नव्हता, आणि तेही बरोबरच होतं.

"म्या म्हनलं, परीक्षेत पडून गावात तोंड लपवन्यापरीस आपली कला हाय. गळा ग्वाड हाय तिचा." तुळशीराम आता बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होता. "चुकलं का वो काय आमचं?"

शाल्मलीबाई "येते मी एक फोन करून" म्हणाल्या आणि अंगणाच्या टोकाला गेल्या. तिथे लाल कोटांच्या आड उभं राहून त्या रडल्या. मग त्यांनी इरफानला फोन लावला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.

"तिला सोबती दे," त्या म्हणाल्या. "आजच्या आज."

"मी नवा अंक काढून बसलोय, मॅडम. दाखला घेऊन गेलेली, प्रात्यक्षिकं बुडालेली, कामाला लागलेली मुलं पुढच्या वर्षी परत नाव घालून पास होतात का, ते बघितलं. शंभरात सात. सोबती दिला तर नऊ. सोबती आज वर्गात झालेला धडा पक्का करून घेतो. वर्गच नाही, तर तो काय शिकवणार?"

"मला गणित शिकवू नकोस. दे तू."

"शिल्लक नाही एकही. कुणाचा तरी काढून द्यावा लागेल, आणि ज्याचा काढू त्याचे तीस जातील. तुम्ही एक नाव सांगा. फक्त नाव सांगा, मी काढतो."

गल्लीतल्या खिडक्या त्यांच्या समोरच होत्या. कोणत्याही एका खिडकीकडे बोट करायचं होतं. त्यांना जमलं नाही.

"निदान पुढच्या वर्षीपासून हिरव्यांना कळवू या," इरफान म्हणाला. "तुम्हाला दिवा लागत नाही, एवढंच."

"आणि ज्यांना ना दिवा, ना निरोप, त्यांनी काय समजायचं? बिऱ्याच्या आईने काय समजायचं?"

थोड्यांना काही दिलं की उरलेल्यांना न देणं हेसुद्धा एक सांगणं होतं, आणि ते सांगणं बंद करायची कळ वेधशाळेकडे नव्हती. इतकी वर्षं दोघांनी मिळून इतका विचार केला, आणि हा विचार राहून गेला.

"इरफान, अंक सांगितला की अंक बदलतो. आपलाच सिद्धान्त ना?"

"हो."

"मग मी तिला जुना अंक सांगते. नव्व्याण्णव. बघू सातावर किती चढतो ते."

"नियम आहे, मॅडम."

"मीच केलाय," शाल्मलीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

*

तुळशीराम त्यांच्याच गाडीतून माळेगावला निघाला. क्लॅरिनेटची पेटी त्याने मांडीवर घट्ट धरली होती आणि सीटवर तो अगदी कडेला बसला होता.

वरात पारावर थांबली होती. बँडच्या गाडीला रंगीत छत्र्या लावलेल्या, कर्णे, मधोमध उभं राहून गायची जागा. भैरवी नुकतीच गाणं संपवून खाली उतरत होती. लाल कोट तिला खांद्यांत मोठा होत होता. शाल्मलीबाईंना पाहून तिने ओळखलं आणि हात आपोआप मागे घेऊन ती शाळेत उभी राहावी तशी उभी राहिली.

"भैरवी, तुला मी एक सांगायला आलेय. सांगायची परवानगी नाही, तरी सांगतेय." शाल्मलीबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुला दिवा आला नाही, कारण तुला तो लागणारच नव्हता. यंत्राचं तुझ्याबद्दल काय म्हणणं होतं माहीत आहे? शंभरात नव्व्याण्णव. कोंढारवाडीत तुझ्या वर कुणाचाच अंक नव्हता."

भैरवी बघतच राहिली.

तिच्यामागे तुळशीराम उभा होता. "डॉक्टरांच्या पोरापरीस?" त्याने हळूच विचारलं.

"हो, मास्तर. त्याच्यापेक्षाही."

तो बँडच्या गाडीच्या पायरीवर खाली बसला. क्लॅरिनेटच्या पेटीची कडी त्याने उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसत तो म्हणाला, "म्या सोता जाऊन दाखला काढला वो बाई. सोता गेलो. येक मानूस म्हनला न्हाय मला, थांब म्हनून."

"ओ मास्तर!" नवरदेवाकडचं कुणीतरी ओरडलं. "पैसे दिल्यात ते काय बसायचं का? वाजवा की!"

तुळशीराम उठला. आयुष्यभर या हाकेला उठायची सवय होती. तो पुढे गेला, त्याने क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि नाचाचं गाणं सुरू केलं. पहिले काही सूर फाटके निघाले, पण वरातीतल्या कुणाला ते जाणवलं नाही.

भैरवी अजून तिथेच होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. ती हसली नाही, पण खांदे सरळ झाले, आणि त्या मोठ्या कोटात ती क्षणभर मावेनाशी झाली. अंक चढतोय, शाल्मलीबाईंना वाटलं. माझ्या डोळ्यांदेखत चढतोय.

"नव्व्याण्णव," भैरवी स्वतःशी म्हणाली.

"पुढच्या वर्षी पुन्हा नाव घालू. मी स्वतः येईन तुझ्या शाळेत. फी, पुस्तकं, सगळं मी बघते."

भैरवीने मान हलवली. पण ती शास्त्र शाखेची मुलगी होती आणि यंत्राने तिला उगाच नव्व्याण्णव दिले नव्हते. ऐकलेली गोष्ट ती मनात उलटसुलट करून पाहत होती, हे तिच्या कपाळावर दिसत होतं.

"हे तेव्हाचे ना, मॅडम?" तिने विचारलं. "मी शाळेत होते तेव्हाचे."

"हो."

"मग आता किती?"

साधाच प्रश्न होता आणि तो येणार हे शाल्मलीबाईंना कळायला हवं होतं. सात म्हणावं, तर सातसुद्धा उरणार नाहीत. नव्व्याण्णव म्हणावं, तर ही पोरगी खोटं लगेच ओळखेल; महिनाभर पुस्तक न उघडलेल्या मुलीचा अंक जसाच्या तसा राहत नाही, एवढं तिला समजतं. पन्नास? पन्नासाने हुरूप येईल का? साठ बरे. साठ खरेही वाटतील आणि उमेदही देतील. शाल्मलीबाईंनी साठ म्हणायचं ठरवलं आणि तोंड उघडलं.

पण तोवर त्या गप्प राहिल्या होत्या. फार वेळ नाही, क्लॅरिनेटची एक ओळ वाजून संपेल इतकाच. भैरवी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दिवाळीपासून ती एका गप्प यंत्राकडे अशीच बघत आली होती, आणि गप्प राहण्याचा अर्थ कसा लावायचा हे ती तिथेच शिकली होती. मागच्या वेळी तिचा अर्थ चुकला होता. या वेळी तो बरोबर होता.

"असू द्या, मॅडम," ती म्हणाली. "कळलं."

तिने शाल्मलीबाईंच्या हातातून आपले हात अलगद सोडवून घेतले, कोटाचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि ती गाडीवर चढली. वडिलांची ओळ संपत आली होती. तिने माईक हातात घेतला आणि पुढची ओळ उचलली.